सासूबाईंचं कडू रक्त

संध्याकाळी चार माणसं अंगणात बसली असली आणि त्यातल्या एकालाच डास फोडून काढत असले, की कुणीतरी हमखास म्हणतं, "तुमचं रक्त गोड दिसतं बुवा." म्हणणारा हसतो, ऐकणाराही हसतो. मी हसत नाही. माझं डोकं तापतं, आणि घरातली मंडळी एकमेकांकडे बघून घेतात की आता हिची गाडी सुटली. सुटतेच. या दोन शब्दांपायी माझा संसार मांडल्या जागी मोडायला आला होता, मग मी का म्हणून गप्प बसू?

मी कळंबची. चिंतामणीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. वडिलांनी मला सातवीपर्यंत शिकू दिलं, त्यामुळे आळीतल्या बायका म्हणायच्या की हिचं तोंड हिच्या पायांच्या आधी चालतं. खोटं नव्हतं ते. महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी पार तिकडे मुकुटबनकडच्या एका खेड्यात जाऊन पडले. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. कापसाची पऱ्हाटी, तूर, ज्वारी, दावणीला बैल, आणि शेताच्या धुऱ्या-बांधापलीकडे जंगल. सासरे स्वभावाने गरीब. आमचे हे त्यांच्याहून गरीब. आईसमोर त्यांच्या तोंडून शब्द निघायचा तो पाणी मागण्यापुरता. सगळ्यांच्या वाटचं बोलायचं काम सासूबाई एकट्या करायच्या आणि त्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही.

सासूबाईंची गावात एका गोष्टीसाठी ख्याती होती. त्यांना डास चावत नसत. सकाळी तोंड धुतलं की कडुनिंबाचा कोवळा पाला मूठभर चावून खायच्या, वरून काडेचिराइताचं पाणी प्यायच्या, आणि तेही कपाळाला आठी न घालता. "माह्यं रक्त कडू हाय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मच्छर तोंड लावते अन् थुंकते." गावातल्या बायका हे ऐकायला यायच्या आणि जाताना पदरात पाला बांधून न्यायच्या. मलाही रोज सकाळी पाला मिळायचा. त्यांची पाठ वळली की मी तो बैलांपुढे टाकायची. बैलही खात नसत.

लग्नानंतरचा पहिला पावसाळा मी माहेरीच काढला, कारण नव्या नवरीला आखाडात सासरी ठेवत नाहीत. परत आले ती पऱ्हाटी फुटायच्या वेळी. संक्रांतीला रीतीप्रमाणे सासूबाईंनी मला काळी चंद्रकळा घेतली. चांगली घट्ट विणीची होती. सण झाला आणि त्यांनी हुकूम काढला की काळ्यावर मळ दिसत नाही, तेव्हा धुण्याभांड्याच्या वेळी हीच नेसत जा. मी नेसत गेले. सासरचं लुगडं कोणत्या वेळी नेसायचं हे ठरवायची मुभा सुनेला कुठे होती?

ज्येष्ठात मला दिवस गेले आणि आषाढात सरकारी फवारणीवाले आले. त्या वर्षांत ते गावोगाव फिरायचे. पीठमीठ, अंथरुणं, देवसुद्धा अंगणात काढायला लावायचे. एक जण बादलीतल्या पंपाचा दांडा मारायचा आणि दुसरा नळीने भिंती वरपासून खालपर्यंत ओल्या करत जायचा. वाळल्यावर मातीच्या भिंतींवर पांढरे ओघळ उरले आणि घरभर उग्र वास राहिला. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून भिंती पाहिल्या आणि म्हणाल्या की कबुतरं हगल्यावानी घर दिसून राह्यलं. आधीच्या वर्षांत त्या एकट्या होत्या, गुडघे धरायचे, म्हणून हे ओघळ दसऱ्यापर्यंत तसेच राहायचे. यंदा हाताशी सून होती.

नागपंचमीच्या आत मी सारं घर सारवून काढलं. शेणमातीचा जाड हात, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ हात. पदर खोचून, शिडीवर चढून आढ्यापर्यंत. वास गेला, ओघळ गेले, घर लख्ख झालं. सणाला आलेल्या बायकांना सासूबाईंनी हात धरधरून भिंती दाखवल्या. त्या घरात माझं झालेलं ते पहिलं कौतुक. मी दोन दिवस हवेत होते.

श्रावणाचा पाऊस लागून राहिला आणि मला डासांनी धरलं. धरलं म्हणजे असं की हातापायांवर टाचणी टोचायला जागा उरली नाही. दिवे लागायच्या वेळी मी घरामागे मोरीपाशी भांडी घासायला बसायची. त्याच वेळी सासूबाई पुढच्या ओट्यावर बसायच्या, समोर गोठ्यात गोवरी आणि ओला निंबाचा पाला घालून केलेला धूर. बैलांना माशाडास लागू नयेत म्हणून तो धूर रोज असायचा. ओट्यावर सासूबाई, बाजेवर सासरे, पायरीवर आमचे हे. आणि मी मागे एकटी, एका हाताने राख लावायची, दुसऱ्याने चापट मारायची. आत यायची ती गालावर, मानेवर गांधी घेऊन.

सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, रक्त गोड हाय पोरीचं. आधी हसून म्हणायच्या. मग श्रावण अर्ध्यावर आला आणि सासऱ्यांना हिवताप आला. दातावर दात आपटायचे, घरातल्या होत्या नव्हत्या त्या साऱ्या वाकळा अंगावर घातल्या तरी हुडहुडी जायची नाही. मग अंग तव्यासारखं तापायचं, घाम फुटायचा, आणि माणूस भुईला खिळायचा. एक दिवस बरा जायचा, की पुन्हा तेच. सासूबाई त्यांच्या उशापासून हलत नव्हत्या, आणि हसणंही बंद झालं होतं.

एका दुपारी त्यांनी आमच्या ह्यांना बोलावून घेतलं. मी आत तूर पाखडत होते आणि मला ऐकू जावं इतक्या मोठ्याने त्या बोलल्या.

"गुळाची ढेप कोपऱ्यात ठेवली तरी माशा घरभर फिरतेत. हे घरात आली अन् मच्छर हिच्या मागं आले. इतके वरीस ह्या घरात ताप नव्हता. महालक्ष्म्या उठल्या का छकडा जुंप अन् हिले पोचवून दे. पयलं बाळंतपन तसंबी माहेरचंच असते."

माझ्या हातातलं सूप थांबलं. आता याचा अर्थ नव्या लोकांना कळायचा नाही, म्हणून सांगते. पहिलटकरीण माहेरी जाते ती सातव्या महिन्यात. हिरवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात, गावाच्या वेशीपर्यंत बायका पोचवायला येतात. मला जेमतेम चौथा लागत होता. चौथ्यात, ओटी न भरता, घरात आजार असताना सुनेला पाठवायचं म्हणजे तिला काढून द्यायचं, फक्त त्याला बरं नाव द्यायचं. आणि महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, उठेपर्यंत तरी का ठेवायचं? कारण नैवेद्याच्या सोळा भाज्या चिरायला दोन हात हवे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण रागाच्या खाली भीती होती, ती का लपवू? माझ्या माहेरी एक थोरली चुलत बहीण राहत होती. तिला सासरच्यांनी 'दिवाळीपर्यंत' म्हणून पाठवलं होतं. ती दिवाळी गेली, पुढची गेली. ती आमच्याकडे दळण दळत राहिली, आमची वेणीफणी करत राहिली. सुरुवातीला प्रत्येक सणाला नवं नेसून ओट्यावर बसायची. मग नवं नेसायचं सोडून दिलं, पण ओट्यावर बसायची सवय काही सुटली नाही. मला माझ्या पोटातल्या लेकरासकट तिच्या शेजारी बसलेली मी दिसत होते.

आमच्या ह्यांना मी विचारलं की तुम्हाला काय वाटतं. ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याने भुई उकरत राहिले आणि म्हणाले की आईचं डोकं शांत झालं की बघू. म्हणजे तिकडून काही आशा नव्हती.

त्याच आठवड्यात सायकलवर हिवतापाचा माणूस आला. पोरगेलासाच होता, नागपूरकडचा, खांद्याला पेटी. घरोघर 'ताप कोणाला' विचारत फिरायचा. त्याने सासऱ्यांचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, पांढऱ्या कडू गोळ्या दिल्या आणि रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत म्हणून बजावलं. मग पेटीतून एक बॅटरी आणि काचेची नळी काढून तो मागच्या अंधाऱ्या खोलीत शिरला. भिंतीवर उजेड टाकायचा, डास दिसला की नळीचं तोंड त्याच्यावर ठेवून दुसऱ्या टोकाने श्वास ओढायचा. बाहेर येऊन त्याने नळी उजेडात धरली. आत डास होते, आणि त्यांची पोटं लाल टचटचीत होती.

त्याने विचारलं, फवारणी झाली होती ना या घरात? सासूबाई म्हणाल्या, झाली होती, पण घाण काय वर्षभर ठेवायची, आमच्या सुनेनं असं सारवलं की मागमूस उरला नाही. हे त्या अभिमानाने सांगत होत्या. तो डोक्याला हात लावून उंबऱ्यावरच बसला.

चहा होईपर्यंत त्याने सगळं समजावून सांगितलं. डास रक्त पिऊन जड होतो, त्याला लांब उडवत नाही, म्हणून जवळच्या भिंतीवर टेकतो. भिंतीवर औषध असलं की तिथंच मरतो आणि एकाचा ताप दुसऱ्याला देत नाही. औषधावर आम्ही मातीचं पांघरूण घातलं होतं. मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते, आणि मला एकदम लख्ख दिसलं की सासूबाई म्हणत होत्या ते अर्धं खरं होतं. सून आली त्या वर्षी ताप आला. पण तो माझ्या रक्ताने आणला नव्हता. त्यांच्या हुकमाने, माझ्या हातांनी, त्या लख्ख भिंतीवरून आला होता.

सासूबाई काही इतक्या सहज ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्याला विचारलं, "भिती तं साऱ्याइच्या घराले सारख्या. मंग चावते ते हिलेच काहून?"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही, कारण माझ्याही मनात तोच प्रश्न होता. तो म्हणाला की चावते ती फक्त मादी, आणि तेही भुकेपायी नाही, अंड्यांपायी. रक्ताशिवाय तिची अंडी पोसत नाहीत. नर बिचारा फुलाझाडांच्या रसावर जगतो. ती माणूस शोधते ती त्याच्या श्वासावरून, घामाच्या वासावरून, अंगाच्या उबेवरून. जवळ आली की गडद रंग तिला आधी दिसतो. जिथं वारा नाही, ओल आहे, तिथं तिला बरं वाटतं. धूर असला तर ती फिरकत नाही. हे त्याने बोलता बोलता सांगितलं, चहा प्यायला, आणि जाता जाता बैलांच्या दगडी डोणीत बोट घालून दाखवलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. आठवड्याला डोणी कोरडी करा म्हणाला आणि सायकल काढून पुढच्या घरी गेला.

मी माझ्याकडे पाहिलं. अंगावर काळी चंद्रकळा. दिवसभर शेतात आणि चुलीपुढे निथळलेला घाम. बसायची जागा मोरीपाशी, तिन्ही बाजूंनी भिंत, वाऱ्याची झुळूक नाही, बाजूला डबकं, जवळच डोणी, आणि वेळ नेमकी दिवेलागणीची. डासिणीने स्वतः सून शोधायला काढली असती तरी तिला माझ्याहून चांगलं स्थळ मिळालं नसतं. मला हसू आलं, आणि हसता हसता राग आला, आणि रागाच्या भरात मी सासऱ्यांच्या देखत सासूबाईंना बोलले. सासऱ्यांसमोर मोठ्याने बोलायची ती माझी पहिली वेळ.

"आत्याबाई, मच्छर तोंड लावते अन् थुंकते, असं तुमी म्हनता. थुंकायले तरी आंधी चावा लागते. तुमाले तं एकबी चावत नाही. मंग रक्त कडू हाय, हे त्याले कोनं सांगतलं?"

 मग वाकळांच्या ढिगाखालून खुसखुस ऐकू आली. हिवतापाने झिजलेले माझे सासरे हसत होते. सासूबाईंनी एकदा त्या ढिगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता छकडा महालक्ष्म्यांचीही वाट पाहत नाही.

मग मीच पुढे रेटलं. म्हटलं, आजपासून माझी जागा तुम्ही घ्या, तुमची मी घेते. दिवेलागणीला तुम्ही मोरीवर, मी ओट्यावर. महालक्ष्म्यांपर्यंत बघू. ओट्यावर धुरात बसूनही डास मलाच हुडकत आले, तर मी माझ्या पायांनी छकड्यात चढेन आणि डोळ्यात पाणी आणणार नाही. आणि नाही आले, तर मला सातव्यात पाठवायचं, ओटी भरून.

दुसरी सासू असती तर उलथणं घेऊन धावली असती. आमच्या सासूबाईंचं एक होतं, त्या तापट होत्या पण लबाड नव्हत्या. आणि आपल्या कडू रक्तावर त्यांचा एवढा भरवसा होता की परीक्षेला नाही म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. त्या उठल्या, आत गेल्या, आणि दोरीवरची माझी चंद्रकळा ओढून घेऊन आल्या.

"परीक्षा घ्यायची तं पुरी घ्यायची," त्या म्हणाल्या. "काळं लुगडं मीच नेसतो. तू माह्यं नेस."

त्या संध्याकाळी आमच्या गावाने जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. मी सासूबाईंचं फिकं पिवळं लुगडं नेसून ओट्यावर धुरापाशी बसलेली, आणि सासूबाई सुनेची काळी चंद्रकळा नेसून मोरीवर कढई घासत असलेल्या. शेजारच्या बायका कुंपणाच्या तट्ट्याच्या फटींना डोळे लावून उभ्या होत्या. काहीजणी तर पाणी न आणताच घागरी घेऊन दोनदा दारावरून गेल्या. मी पाठीचा कणा ताठ करून बसले होते. धुराने डोळे चुरचुरत होते, पण मी ते पुसले नाहीत, कुणाला वाटायला नको की रडते आहे म्हणून.

मागून 'चट्' असा आवाज आला. मी सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी आढ्याकडे पाहिलं. परत 'चट्'. मग थोडा वेळ कढईवर राखेची घसर ऐकू येत राहिली, आणि मग लागोपाठ चट् चट् चट्. सासूबाई भांडी घेऊन आत आल्या तेव्हा हात पदराखाली होते.  कुणी विचारायच्या आधीच म्हणाल्या, भांड्याचा आवाज होता.

भांड्याचा आवाज रोज वाढत गेला. मला धुरातही एखादा चावायचा, नाही असं नाही, पण माझ्या हातावरच्या जुन्या गांधी बसत चालल्या आणि सासूबाईंच्या कोपरावर नव्या उठत चालल्या. निंबाचा पाला मुठीवरून ओंजळीवर गेला, तरी काही फरक पडला नाही. शेवटी एका संध्याकाळी सासरे, ज्यांचा ताप आता गोळ्यांनी उतरला होता आणि जे बाजेवर उठून बसू लागले होते, ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अवं, तुह्या कडू रक्ताले आज कोन तोंड लावून राह्यलं?"

सासूबाईंनी टोपलं खाली ठेवलं. पदर मागे टाकला आणि दोन्ही हात दिव्याच्या उजेडात धरले. खांद्यापासून मनगटापर्यंत गांधीच गांधी. त्या स्वतःच ते निरखू लागल्या, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे होते. मग माझ्याकडे वळल्या.

"रक्तात काही नाही, पोरी. जागाच तशी हाय," त्या म्हणाल्या. "अन् त्या जागेवर तुले मीच बसवलं."

मला इतका आनंद झाला की काय करावं कळेना. उठून नाचावंसं वाटलं. मी जिंकले होते, आणि ते माझ्या सासूने, स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं. पण त्या तिथंच भुईवर बसल्या आणि मग जे बोलल्या ते मला त्या घरात तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांच्या आधीची दोन लेकरं तापाने गेली होती. तेव्हा कुणीतरी सांगितलं की कडू खा, कडू रक्ताला ताप शिवत नाही, आणि त्यांनी खायला सुरुवात केली. पुढच्या लेकराला ताप आला नाही. मग त्यांनी पाला सोडला नाही. सासरे थरथरायला लागले तेव्हा जुनं सारं वर आलं. ताप काही हाताला लागत नव्हता, मी लागले. माझा आनंद कमी झाला नाही, पण राग गेला. मी त्यांच्या हातांना खोबरेल तेल लावलं.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. भांडी उन्हं असतानाच घासायची, तीही पुढच्या अंगणात. मोरीचं डबकं आमच्या ह्यांनी मुरूम टाकून बुजवलं, आईने सांगितलं म्हणून लगेच. डोणी आठवड्याला उपसून उन्हात कोरडी व्हायची. चंद्रकळा पेटीत गेली, सणापुरती.

आणि महालक्ष्म्यांच्या तोंडावर फवारणीवाले पुन्हा आले. गावात हलकल्लोळ झाला. देवी घरी येणार आणि भिंतींवर हे पांढरे ओघळ! बायकांनी शेणमाती कालवून ठेवली होती, पंपवाले गल्लीबाहेर पडायचाच काय तो अवकाश होता. सासूबाई गुडघे धरत दारोदार गेल्या. जिच्या रक्ताला डास शिवत नाही तीच बाई बाह्या वर करून आपले हात दाखवत फिरते आहे म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? त्या सांगायच्या, भुई सारवा, महालक्ष्म्या बसतील तेवढी एक भिंत सारवा, बाकी भिंतीला दसऱ्यापर्यंत हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. एका म्हातारीने म्हटलंच की देवी काय म्हणेल. सासूबाईंनी तिला सांगितलं, "देवीले डाग नाही दिसत, माय. घरातले मानसं दिसतेत."

त्या वर्षी आमच्या घरात महालक्ष्म्या ओघळलेल्या भिंतींमध्ये बसल्या आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य जेवल्या. भाज्या मीच चिरल्या, गाणं म्हणत चिरल्या. सासरे पानावर बसून पोटभर जेवले. पाखरं उडून जावीत तसा ताप गावातून हळूहळू निघून गेला. सगळाच गेला असं नाही, पण वाकळांचे ढीग दिसेनासे झाले. सासूबाईंनी निंबाचा पाला मात्र शेवटपर्यंत सोडला नाही. गावात कुणी विचारलं तर म्हणायच्या, रक्त कडूच आहे, पण त्या मेल्या डासिणीला चव कळत नाही, त्याला मी काय करू.

मार्गशीर्षात मला सातवा लागला. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, तांदूळ-नारळाने भरलेली ओटी. ती पेलवेना इतकी जड होती. वेशीपर्यंत सगळ्या बायका आल्या. छकड्याने वणी, तिथून मोटार. फाल्गुनात कळंबला मला मुलगी झाली.

आता वाचायला, ऐकायला मिळतं की गरोदर बाईकडे डास जास्त ओढले जातात. तिचा श्वास मोठा चालतो, अंग जास्त ऊब धरतं. म्हणजे त्या पावसाळ्यात माझ्या अंगावर तुटून पडणाऱ्या त्या डासिणी, ज्यांना स्वतःच्याच अंड्यांची घाई होती, त्या माझ्यासाठी एकट्या येत नव्हत्या. मी आणि माझी लेक, दोघींसाठी येत होत्या. हे तेव्हा माहीत असतं तर सासूबाईंच्या तोंडावर फेकायला आणखी एक उत्तर मिळालं असतं. पण गरज पडली नाही.

कारण वैशाखात, मुलगी मान धरायला लागली तेव्हा, कळंबला आमच्या दाराशी सासूबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. सुनेला न्यायला दीर येतो, नवरा येतो; सासू येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसल्या होत्या, वाटभर ओकल्या होत्या, चेहरा पांढराफटक पडला होता. ओट्यावर माझी ती थोरली चुलत बहीण बसली होती. तीच आधी उठली, तिने त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि विचारलं की एवढ्या उन्हात तुम्ही स्वतः कशाला आलात.

सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्या पायांवर कुठे गांधी आहेत का ते उलटसुलट करून पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "पावसाळा तोंडावर आला. हे नसली तं सारे मच्छर मलेच चावतीन."

माझी चुलत बहीण हसली. त्या ओट्यावर तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोटारीत सासूबाईंनी पदराने बाक झटकला आणि खिडकीजवळची वाऱ्याची जागा मला दिली.